उताऱ्यातला निष्कर्ष नेमका कुठला, हे कसं ओळखायचं?

अभ्यासिका_शेवटचं_बाक:
यूपीएससीच्या सीसॅटची, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरची, तयारी करतोय. 33 टक्के मिळवले की पात्र, पण 80 प्रश्नांतले उताऱ्यांवरचेच घात करतात. कालचा उतारा: 'गावात नव्या बोअरला परवानगी देऊ नये. गेल्या उन्हाळ्यात 200 फुटांवर लागणारं पाणी यंदा 400 वर गेलं. सगळे बोअर जमिनीखालच्या एकाच साठ्यातून उपसतात.' मी शेवटचं वाक्य निष्कर्ष धरलं, चुकलं. 'म्हणून' शोधावं तर इथे तो शब्दच नाही.

तर्कशास्त्राच्या_बाई:
अरे, निष्कर्ष शेवटीच येतो असं कुणी सांगितलं? न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, अनुमान बघ. आधी प्रतिज्ञा, 'डोंगरावर आग आहे', मग हेतू, 'कारण धूर दिसतो'. पुढे उदाहरण, मग उपनय, म्हणजे ते उदाहरण या डोंगराला लावणं, आणि शेवटी निगमनात पुन्हा तेच, आग आहे. म्हणजे सिद्ध करायचं ते पहिल्याच वाक्यात.

वर्गात मी मुलांना दोन वाक्यांमध्ये 'कारण' घालायला लावायचे. 'परवानगी देऊ नये, कारण पाणी 400 वर गेलं' हे बसतं. उलट करून वाच, लगेच अडखळशील. 'कारण'च्या आधी बसतं ते निष्कर्ष, उरलेली दोन आधारविधानं.

कारकून_तालुका:
आमच्या आदेशांत 'ज्याअर्थी' पाठोपाठ येतात ते आधार, आणि 'त्याअर्थी' आलं की निर्णय. मला तिथूनच हे कळलं.

अभ्यासिका_शेवटचं_बाक:
बाई, 'कारण' जमलं. पण मग 'म्हणून' दिसलं की युक्तिवाद आहेच ना?

तर्कशास्त्राच्या_बाई:
नाही, इथे फार मुलं फसतात. 'रात्री पाऊस पडला म्हणून रस्ता ओला आहे.' ओला रस्ता समोर दिसतोय, तो सिद्ध कशाला करायचा? हे नुसतं स्पष्टीकरण. 'रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार' हा युक्तिवाद. त्या 'असणार'वर बोट ठेव, आपल्या भाषेत अनुमान बऱ्याचदा क्रियापदातच असतं.

आणि गृहीतक विचारलं तर उताऱ्यात शोधू नकोस, ते लिहिलेलं नसतं. तुझ्या उताऱ्यात पाणी उपशामुळेच खाली गेलं, असं धरलंय. नाकारून बघ: 'पाणी पाऊस कमी झाल्याने गेलं, उपशाचा काही संबंध नाही.' परवानगी नाकारायला मग आधार उरतो का?

अभ्यासिका_शेवटचं_बाक:
नाही उरत. आज जुने दहा उतारे 'कारण' घालून परत सोडवतो, अडलो तर इथेच टाकतो.