दादाला बायपोलर आहे, चेहरे चुकीचे वाचतो... आणि आता मलाही शंका येतेय (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मोठ्या भावाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, ९ वर्षं झाली. त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, तिची रक्तातली लेव्हल, किडनी, थायरॉइडच्या टेस्ट वेळेवर करतो, गेली ३ वर्षं ना मॅनिया (अति उत्साहाचा झटका) ना डिप्रेशन, नोकरीपण नीट चाललीय. पण एक गोष्ट काही जात नाही. परवा आई चष्म्याशिवाय वीजबिल वाचत होती, त्यामुळे कपाळाला आठ्या, तर हा म्हणे "एवढं चिडायला मी काय केलं?" आणि ताटावरून उठलाच.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की मूड नॉर्मल असतानाही काहींना समोरच्याचे भाव ओळखणं जड जातं, फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) चेहऱ्यांचे फोटो दाखवले की मेंदूतला अमिग्डाला (भीती-भावना हाताळणारा भाग) जरा जास्तच जागा होतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग कमी पडतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि आजार नसलेल्या सख्ख्या भावंडांतही यातलं थोडंफार सापडतं. झालं! माझी झोप उडाली. सर्वसाधारण लोकांत शंभरात एखाद-दोघांना होतो तो आजार सख्ख्या भावंडांत साधारण ५ ते १० जणांना होतो म्हणे. मी २६ ची आहे. मी लगेच "माझा स्कॅन करा" म्हटलं तर ते हसले, हे सगळं गटांच्या सरासरीतलं आहे, एकट्या माणसाचा स्कॅन बघून काहीच सांगता येत नाही, त्यापेक्षा झोप कमी होऊनही अंगात भलताच उत्साह येतोय का तिकडे लक्ष ठेव म्हणाले.

पटलं हो, पण गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये सर जांभई दाबत होते आणि मला वाटलं माझ्यावर वैतागलेत, दिवसभर तेच डोक्यात. आता हा माझा मेंदू की सवय? कारण कॉलेजपासून मी दादाच्या चपला काढायच्या आवाजावरून घरात आज काय होणार ते ओळखत आलेय.

तुमच्यापैकी कुणाची भावंडं अशी आहेत का, तुम्हाला असं होतं का? चेहरे-भाव ओळखायचा सराव करून घेणारं कुणी मराठीत आहे का, पुणे किंवा ऑनलाइन? आम्ही सध्या तोंडानेच सांगतो, "चिडले नाहीये, दमलेय", त्याने निम्मी भांडणं टळतात, पण दादाला ते लहान मुलासारखं वाटतं. त्याला न दुखवता कसं करता तुम्ही?

(लग्न करून द्या, सगळं ठीक होईल छाप सल्ले प्लीज नकोत, ते मावशीकडून रोज मिळतात.)