नुसतं पाणी फिरवून टाकी तयार होत नाही

माशांच्या नव्या टाकीत मासे न घालता फिल्टर आठवडाभर चालवला की टाकी तयार, असं कुणीतरी म्हटलंय. क्लोरीन उडायला ते ठीक, पण माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना खायलाच काही नसेल तर ते वाढणार कशावर? अमोनिया हवाच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. फिल्टरच्या स्पंजला आणि तळाच्या खड्यांना चिकटून वाढतात, तेही सावकाश.

अमोनियासाठी माशांचं खाणं टाकून कुजवता येतं, पण मोजमाप राहत नाही आणि घरभर वास. मला अमोनियम क्लोराइड बरं वाटतं, म्हणजे आपला नवसागर. फक्त कल्हईवाला नको, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास जातो. तापमान २६-२८ अंश, हवेचा पंप सुरू, दिवा बंदच बरा (शेवाळ कमी).

आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि तिथेच अडकून बसल्यासारखं वाटेल. लोकांचा धीर सुटतो तो इथेच. टाकलेला डोस २४ तासांत जिरून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की बरंचसं पाणी बदला, मग मासे आणा. ४ ते ६ आठवडे धरूनच चाला. ओळखीतल्या निरोगी टाकीतला वापरातला स्पंज मिळाला तर खूप कमी. तो नळाखाली मात्र धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतील.