‘करमुक्त’ की ‘करसूट मिळालेली’?

प्रश्न : सोलापुरात आमच्या वाचनालयाच्या वादविवादाला ‘व्यावसायिक क्रीडा लीग करमुक्त असाव्यात का?’ असा विषय होता. एक वक्ता सामन्याच्या तिकिटाविषयी बोलला, दुसरा खेळाडूंच्या मानधनाविषयी आणि तिसरा क्रिकेट मंडळाच्या उत्पन्नाविषयी. तिघांच्याही तोंडी ‘करमुक्त’ हाच शब्द होता. येथे नेमका शब्द कोणता? आणि ‘लीग’ला ‘साखळी’ म्हणावे का?

उत्तर : ‘करमुक्त’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो चित्रपटांमुळे. चित्रपट करमुक्त झाला म्हणजे तिकिटावरचा करमणूक कर गेला, आणि त्याचा लाभ तिकीट काढणाऱ्याला मिळाला. संस्थेला हेच विशेषण लावले की लाभ कोणाचा, हा मुद्दाच झाकला जातो. आयपीएलच्या तिकिटावर पूर्वी 28 टक्के वस्तू व सेवा कर होता आणि सप्टेंबर 2025पासून तो 40 टक्के झाला; मात्र मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांच्या (आयपीएल त्यांत मोडत नाही) 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटांना या करातून माफी आहे. म्हणजे प्रेक्षक भरपूर कर भरत असतानाही आयोजक मंडळ आपल्या उत्पन्नासाठी सूट मागू शकते. म्हणून तिकिटाला ‘करमाफ’ म्हणावे आणि संस्थेविषयी ‘आयकरातून सूट मिळालेली’ असे सविस्तर लिहावे, असे माझे मत आहे. ‘सूट’ हा शब्द ‘सुटणे’ या आपल्या क्रियापदातून आलेला असल्याने ‘कोण सुटले आणि कशातून?’ हा प्रश्न त्याच्या मागोमाग आपोआप येतो; ‘मुक्त’ म्हटल्यावर तो येत नाही.

‘साखळी’ येथे चालणार नाही. ‘साखळी सामने’ म्हणजे प्रत्येक संघाने इतर प्रत्येक संघाशी खेळायचे सामने. ते तुमच्या सोलापूरच्या पार्क मैदानावरच्या हौशी स्पर्धेतही होतात. ‘लीग’ मात्र संघांना बांधणारी संस्था आहे. लीगच्या करसुटीचा हा वाद अमेरिकेतही झाला. तेथील आयकर कायद्याच्या सूट देणाऱ्या कलमात ‘बिझनेस लीग’ या शब्दांचा अर्थ व्यापारी मंडळ असा आहे. आपल्या गावातील कापड व्यापाऱ्यांची संघटना जशी असते, तशी ती संस्था. त्याच कलमात 1966 साली ‘व्यावसायिक फुटबॉल लीग’ हे शब्द घालण्यात आले. सूट मिळाली ती लीगच्या मध्यवर्ती कार्यालयाला. संघांचे मालक आपापल्या नफ्यावर कर भरतच होते. बेसबॉलच्या लीगने 2007मध्ये आणि एनएफएलने (अमेरिकी फुटबॉलच्या लीगने) 2015मध्ये ही सूट आपण होऊन सोडली. त्या सूटीसोबत वरिष्ठांचे वेतन जाहीर करण्याचे बंधन होते, आणि एनएफएलच्या आयुक्तांना, म्हणजे लीगच्या प्रमुखांना, 2012मध्ये सुमारे 4 कोटी 40 लाख डॉलर मिळाले हे लोकांना कळले ते त्यामुळेच. सूट सुटली, तसे ते बंधनही सुटले.

माझा खरा आक्षेप ‘व्यावसायिक’ या शब्दावर आहे. खेळून पोट भरणारा खेळाडूही व्यावसायिक, आणि नफ्यासाठी चालवलेला उपक्रमही व्यावसायिकच. भारतात वाद दुसऱ्या अर्थाचा आहे. 1961च्या आयकर कायद्यात सूट होती ती ‘धर्मादाय हेतू’ असलेल्या संस्थेला. त्या हेतूच्या व्याख्येत लोकोपयोगी उद्दिष्ट बसत होते, परंतु व्यापारी स्वरूपाच्या कामातून येणारी रक्कम एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, अशी अट नंतर घालण्यात आली. आयपीएलमुळे क्रिकेट मंडळाचे धर्मादाय स्वरूप जात नाही, असे आयकर अपील न्यायाधिकरणाने 2021मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणे नव्या तपासणीसाठी परत पाठवली. या चर्चेत ‘व्यावसायिक’ लिहून भागत नाही; तेथे ‘व्यापारी’च लिहावे.

पुरवणी प्रश्न : मग ‘विनानफा संस्था’ हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर : तो दिशाभूल करतो. अशा संस्थेने शिल्लक ठेवू नये असे कायदा म्हणत नाही. ती शिल्लक सभासदांनी वाटून घेऊ नये, एवढेच म्हणतो. ‘नफा न वाटणारी संस्था’ हे शब्द लांब असले तरी खरे आहेत. वादविवादाच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर याच कसोटीवर आहे. तालुक्याच्या कबड्डीला मॅट आणि मुलांना प्रशिक्षक देणाऱ्या संघटनेला सूट जरूर असावी. संघांचे हक्क लिलावात विकणाऱ्या आणि प्रक्षेपणाचे पैसे संघमालकांना वाटणाऱ्या लीगला ती असू नये, मग ती लीग कोणत्याही मंडळाच्या छत्राखाली चालो. पुढच्या वेळी वाचनालयाने विषय असा द्यावा : ‘क्रीडा लीगच्या व्यापारी उत्पन्नाला आयकरातून सूट असावी का?’