पातोळे गरम सोलू नका
हळदीच्या पानात तांदळाची पारी आणि गुळाचं सारण घालून वाफवलेले पातोळे सोलताना पानाला चिकटतात, असं तुम्ही म्हणालात. ते बहुतेक गरम असताना सोलल्यामुळे. वाफेतून काढल्यावर दहा मिनिटं थांबा. मग पान आपसूक सुटतं आणि शिरांची नक्षी पातोळ्यावर उमटते. आई ती नक्षी बघूनच पातोळा जमला की नाही ते सांगायची.

आमच्या चाळीत हळद फक्त मावशींच्या कुंडीत. त्या गोव्याच्या, ख्रिश्चन. नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी आई मला पिटाळायची, 'जा, मावशींकडून पानं आण, फाटकी नकोत.' दुसऱ्या दिवशी झाकलेली ताटली त्यांच्याकडे. मग 15 ऑगस्टला त्यांचं मारियेचं फेस्त, म्हणजे मेरीमातेचा सण, तेव्हा त्यांचे पातोळे आमच्याकडे. उकड्या तांदळाचे, सारणात माडाचा काळा गूळ. आमचे पांढरेशुभ्र, साध्या गुळाचे. बाबांना मावशींचेच जास्त आवडायचे, पण आईसमोर बोलायची टाप नव्हती!

आता फ्लॅटच्या गॅलरीत मीच हळद लावलीय. यंदा समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी विचारत आली, 'काकू, दोन पानं मिळतील?' सहा दिली, निवडून.