पेठांमधले वाडे: जपायचे कोणी आणि कोणाच्या खर्चाने?
(चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दिंडीदरवाजा
पुण्यात कसबा पेठेतून चालत निघालं की तांबट आळीत तांब्यावरचे ठोके अजून ऐकू येतात. पुढे शनिवारवाडा, नाना वाडा, मग विश्रामबाग. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूचे ते सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब बघत मी कितीही वेळ उभा राहू शकतो. पण त्याच्यामागे महापालिका आहे. मला चिंता आहे ती बिननावाच्या वाड्यांची. रस्त्याला लागून जाड भिंत, वाकून जावं लागेल एवढी दिंडी, देवडी ओलांडली की उघडा चौक. मे महिन्यातही ओसरीवर गारवा. खाली घडीव दगडाचं जोतं, वर सागवानी सांगाडा, पातळ पेशवाई विटा, वरच्या मजल्याला पांढरीची माती. भार लाकडावर, म्हणून एखादी भिंत गेली तरी वाडा उभा राहतो. तो पाडून आपण खाली पार्किंग, वर फ्लॅट करतो आणि पाटीवर 'वाडा' हे नाव तेवढं ठेवतो. जुन्या पेठांत पाडकामाला सरसकट बंदी हवी, हे माझं मत.

सामाईक नळ
ओसरीवरचा गारवा तुम्हाला दिसतो, कारण जेवायच्या वेळेला तुम्ही आपल्या घरी असता. आम्ही नऊ बिऱ्हाडं इथे राहतो. संडास परसात. रात्री सासूबाईंना भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यावरून दोराला धरून उतरवायचं. मालकाला दोष देऊन उपयोग नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यात कौलं परतायची मजुरीही सुटत नाही.

शंभर मीटर
दिंडीदरवाजा, तुमच्यासारखी एक बंदी आमच्याकडे आधीच आहे. २०१० च्या दुरुस्तीपासून शनिवारवाड्यासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्या. डागडुजीलाही परवानगी लागते. आमच्या आळीत येऊन बघा, वाडे टेकूंवर उभे आहेत. माणसाला बांधायची बंदी आहे, पावसाला पाडायची नाही. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, त्या शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीतच गेल्या!

नदीकाठ
भार लाकडावर, म्हणून वाडा उभा राहतो? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर काठच्या पेठांत काय झालं ते विचारा कुणाला तरी. माती भिजली आणि घरंच्या घरं बसली.

दिंडीदरवाजा
धरण फुटलं हा वाड्याचा दोष कसा? आणि सामाईक नळ, एका कुटुंबाच्या घरात नऊ बिऱ्हाडं कोंबली ती बांधणाऱ्याने नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी भूमिगत नळांतून शहरातल्या हौदांत येत होतं. या गावाला सोयींचं वावडं कधी नव्हतं. वाड्यात आत संडास बांधता येतो. पैशांचं म्हणाल तर वारसा इमारतीच्या मालकाला टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची, सोय नियमांत आहे.

सामाईक नळ
मालकाला आहे. भाडेकरूला काय?

रंधा
मी लाकडातला माणूस, वाड्यांच्या कामावर असतो. जुनी सागवानी तुळई बहुतेक वेळा आतून ठणठणीत निघते. कुजतं ते टोक, जिथे ती भिंतीत जाते आणि वरून गळतं. तेवढंच कापून सांधा मारता येतो. पण त्याचं कोष्टक कुठल्याच बँकेकडे नाही, कर्ज मिळतं ते पाडून बांधायला. चुना मळणारा गवंडी शोधावा लागतो. आणि पाडलेल्या वाड्यांचे खांब हॉटेलांत शोभेला उभे राहतात, त्यांना गिऱ्हाईक तयार असतं. माझ्या मते दर्शनी बाजू आणि पहिला चौक राखावा, मागचं बांधू द्यावं.

दिंडीदरवाजा
म्हणजे सिनेमाचा सेट. मागे सहा मजले उभे राहिले की चौकात ऊन कुठून येणार? मला मान्य नाही.

सामाईक नळ
मला मान्य आहे, पण क्रम माझा. आधी प्रत्येक बिऱ्हाडाला घरात संडास आणि जागेचा करार नोंदणी करून. ते झालं की खुशाल या ऊन बघायला. दुपारी एक ते चार मात्र नको.