फुगतालला रस्ता? अजून थोडं चालायचंच आहे

रस्ता झाल्यामुळे फुगतालची, म्हणजे लडाखच्या झंस्कारमधल्या त्या बौद्ध मठाची, मजा गेली, हे इथल्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला अर्धंच पटलं. गाडी खालच्या गावांपर्यंतच जाते, पुढे घळीच्या कडेकडेने पायपीट आहेच. आणि शेवटच्या वळणावर तो मठ कड्यातून बाहेर आल्यासारखा दिसतो, तेव्हा आपण कसे आलो हे कुणाला आठवतं? (फुग म्हणजे गुहा, सगळी घरं त्या गुहेच्या तोंडाशीच चिकटलेली आहेत.)

एक गोष्ट या चर्चेत कुणी लिहिली नाही. मठात चोमा द कोरोश या हंगेरियन अभ्यासकाच्या नावाचा दगडी फलक आहे. १८२५-२६ मध्ये तो त्या मठात राहून तिबेटी शिकत होता, आणि १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कलकत्त्याला छापला गेला. आम्ही ऑगस्टमध्ये दुपारी पोचलो, तरी आतल्या खोलीत बोटं गारठली होती. त्याने तर अख्खा हिवाळा काढला असणार! फलक लहान आहे, घाईत सुटतो. जाताना शोधा.

आणि घळीतल्या नदीला हलक्यात घेऊ नका. २०१४ च्या शेवटी वर दरड कोसळून प्रवाह अडला, मे २०१५ मध्ये तो बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले.