स्पिटफायरचा आवाज नक्की कशाचा, इंजिनाचा की पंख्याचा?

बारा_नळकांडी: स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाच्या तोडीचा आवाज दुसऱ्या महायुद्धातल्या इतर कुठल्याच लढाऊ विमानाला नाही, असं माझं ठाम मत आहे. २७ लिटरचं व्ही-१२, म्हणजे व्ही आकारात बारा सिलिंडर, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दर फेऱ्याला सहा स्फोट, आणि सायलेन्सरचा पत्ता नाही, नुसत्या आखूड एक्झॉस्ट नळ्या. त्या मागे वळवल्या, कारण धुराच्या झोतातूनही थोडा रेटा मिळतो: ताशी ३०० मैलांना साधारण ७० पौंड. आवाज हा वरचा प्रसाद.

हार्वर्डवाला: प्रसाद पंख्याने वाटायचा आणि आरती इंजिनाची! आपल्या हवाई दलाचे वैमानिक ज्यावर शिकले ते हार्वर्ड घ्या. ९ फुटांचा पंखा (प्रोपेलर), मध्ये गिअर नाही, थेट क्रँकशाफ्टवर. टेकऑफला मिनिटाला २२५० फेऱ्यांवर पात्यांची टोकं सेकंदाला ३२० मीटर गाठतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाला जवळपास खेटतात. कानठळ्या बसतात त्या टोकांमुळे. इंजिन त्यामागे झाकलं जातं.

बारा_नळकांडी: हार्वर्डपुरतं कबूल. पण हा हिशोब माझ्याच बाजूचा आहे. स्पिटफायर मार्क ९ ला ०.४७७ चा रिडक्शन गिअर आहे, म्हणजे पंखा इंजिनापेक्षा हळू फिरतो. इंजिन २४०० वर असताना पंखा फिरतो जेमतेम ११४५ ने. पंखा १० फूट ९ इंचांचा असूनही टोकं सेकंदाला २०० मीटरच्या आत राहतात. मग चार पात्यांचा सूर येतो सेकंदाला ७६ कंपनांचा, खर्जातला. स्फोट सेकंदाला २४०, पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या किंचित खाली. त्यावर सुपरचार्जरचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) चक्र खालच्या गिअरमध्येही मिनिटाला जवळपास १४,००० फेरे घेतं. पंखा तानपुऱ्यासारखा मागे असतो, गातं इंजिनच.

पाना_चौदा: दोघेही डॉप्लर परिणाम विसरलात: आवाज जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. ताशी ४०० किलोमीटरने विमान डोक्यावरून गेलं की येतानाच्या आणि जातानाच्या सुरात जवळजवळ अख्ख्या सप्तकाचा फरक पडतो. काटा येतो तो त्या घसरणीने. पण माझा आक्षेप निराळाच आहे. नुसत्या आवाजाच्या हौसेपायी ऐंशी वर्षांची विमानं उडवायची का? २५ मे २०२४ ला इंग्लंडमधल्या कॉनिंग्स्बीजवळ ब्रिटिश हवाई दलाच्या स्मारक पथकाचं स्पिटफायर पडलं, वैमानिक गेला. नुसतं इंजिन जमिनीवरच्या स्टँडला बांधा आणि ऐका की.

बारा_नळकांडी: मग तुमचं ते सप्तक कुठून आणणार? स्टँड तर जागचा हलत नाही. बरं, अख्खं विमानच जमिनीवर चालवायचं म्हटलं तर मार्क ९ चे रेडिएटर पंखांखाली, तिथे पुरेसा वारा पोचत नाही आणि तापमानाचा काटा भराभर चढतो. जोर वाढवला की शेपटी उचलते, ती बांधावी लागते, नाहीतर माणूस बसवावा लागतो. स्टँडवर बहुधा आखूड पात्यांचा पंखा लावतात, म्हणजे खर्जही गेला.

हार्वर्डवाला: आणि स्टँडवर धोका नसतो असंही नाही. हार्वर्डसारखं रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं, काही दिवस उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. सुरू करण्याआधी पंखा हाताने काही फेरे फिरवायचा. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही, उलटाही फिरवायचा नाही, कारण तेल इनटेक पाइपात जाऊन सुरू होताना परत सिलिंडरात येतं. खालचे प्लग काढून ते बाहेर काढायचं. तेल काही दाबलं जात नाही, स्टार्टर तसाच मारला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाना_चौदा: पण त्यात रॉड जातो, माणूस नाही. माझं म्हणणं तिथेच आहे.